वाटेत गाडी बंद पडली तर

मोटारसायकल वाटेत बंद पडली, की माणूस पहिल्याने काय करतो? किक मारतो. पुन्हा मारतो. दहा वेळा मारतो. मग खाली उतरतो, गाडीभोवती एक फेरी घालतो आणि गाडीला नाही नाही ते बोलतो. गाडी काही ऐकत नाही.

गावाजवळ असे झाले तर फारसे बिघडत नाही. चौक्याला किंवा कट्ट्याला गाडी बंद पडली, तर कोणीतरी ओळखीचा भेटतोच. मेस्त्रीच्या दुकानापर्यंत ढकलत नेता येते. पण घर लांब राहिले आहे, रस्ता अनोळखी आहे आणि दिवस मावळत आला आहे, अशा वेळी काय करायचे?

आमच्यावर अशी पाळी आली होती. तीच हकीकत सांगतो.

जून महिना होता. पाऊस सुरू होऊन आठ दिवस झाले होते. आमची बहीण कोल्हापूरला दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिचे ऑपरेशन होते. रेशनकार्ड आणि तपासणीचे सगळे कागद मालवणला घरीच राहिले होते. ते रात्रीपर्यंत पोचवायला हवे होते. एस.टी. चुकली. म्हणून आम्ही आणि आमचा भाचा, दोघे मोटारसायकलवरून निघालो. कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून आम्ही पोटाशी बांधले होते.

मालवणहून कसाल, कसालहून कणकवली, तिथून फोंडाघाट. हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढला की वर दाजीपूर. पुढे राधानगरी आणि मग कोल्हापूर. साडेचारच्या सुमाराला आम्ही निम्मा घाट चढलो. एका वळणावर भाच्याने गिअर बदलायला क्लच दाबला. क्लचची मूठ एकदम सैल पडली. गाडीने एक हिसका दिला आणि ती बंद झाली.

भाचा म्हणाला, "मामा, क्लचची वायर तुटली. आता काय करूचा?"

आधी गाडी बाजूला

आधी गाडी वळणावरून हलवायची. घाटात वळणाच्या तोंडाशी कधी थांबू नये. वरून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. दिसलात तरी ओल्या रस्त्यावर त्याचा ब्रेक वेळेवर लागेलच असे नाही. आम्ही गाडी ढकलत सरळ रस्त्यावर आणली आणि डोंगराच्या अंगाला लावली. दरीच्या अंगाला लावली नाही, कारण पावसात रस्त्याची कड खचते.

मग झाडाची एक डहाळी तोडून गाडीच्या मागे तीस-चाळीस पावलांवर ठेवली. रस्त्यात हिरवी डहाळी दिसली की पुढे काहीतरी बंद पडले आहे, हे ड्रायव्हर लोक ओळखतात. काही जण डहाळीऐवजी दगड मांडतात. गाडी दुरुस्त झाली की निघून जातात आणि दगड तसेच राहतात. रात्री त्यांच्यावर दुसऱ्या कोणाची तरी गाडी आपटते. हे फार वाईट. मांडायचेच असतील तर जाताना उचलावेत.

गाडीला झाले काय?

आमच्या गाडीचे दुखणे उघड होते. नेहमी तसे नसते. म्हणून मदत बोलावण्यापूर्वी चार गोष्टी आपण पाहाव्यात. कितीतरी वेळा गाडीला काहीच झालेले नसते.

उजव्या मुठीजवळ एक लाल बटण असते. ते इंजिन बंद करण्याचे असते. रेनकोटची बाही किंवा पोराचा हात लागून ते दाबले जाते. मग माणूस तासभर किका मारत बसतो. आमच्या ओळखीच्या एकाने तर या बटणापायी गाडी टेम्पोत घालून नेली होती. मेस्त्रीने बोट लावले, गाडी सुरू झाली. टेम्पोचे भाडे मात्र द्यावेच लागले.

पेट्रोल पाहावे. जुन्या गाड्यांना टाकीखाली कॉक असतो. तो फिरवून 'रिझर्व्ह'वर आणला की तळाचे थोडे पेट्रोल मिळते. २०२० च्या एप्रिलपासून नव्या नियमाच्या गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेकांना कार्बोरेटर नाही आणि हा कॉकही नाही. तिथे काट्यावर किंवा दिव्यावर लक्ष ठेवायचे. काही नव्या गाड्यांचा बाजूचा स्टँड खाली राहिला, तर गिअर टाकल्याबरोबर इंजिन बंद पडते. तेही पाहून घ्यावे.

पावसात प्लगच्या टोपीत पाणी शिरते. इंजिन थंड झाल्यावर टोपी काढावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि पुन्हा घट्ट बसवावी. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक त्रास आहे. तो म्हणजे खारा वारा. देवबाग-तारकर्लीकडे गाडी नेहमी उघड्यावर असते. बॅटरीच्या तारांच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर चढतो. मग हॉर्न वाजत नाही, दिवा मिणमिणतो आणि बटण दाबले तरी गाडी गप्प बसते. तो थर खरवडून टोके घट्ट केली, की पुष्कळदा काम भागते.

पंक्चर झाले तर टायर कोणता आहे ते पाहा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असेल तर तो उपसू नका. खिळा आत असला की हवा हळूहळू जाते. हळू चालवत पंक्चरवाल्याकडे पोचता येते. खिळा उपसला की हवा भसकन जाते. ट्यूबचा टायर असेल तर मात्र वर बसू नये. ट्यूब फाटते आणि रिंगही वाकते.

क्लचची वायर म्हणजे विहिरीच्या रहाटाचा दोर समजा. दोर एकदम तुटत नाही. आधी एक पेड तुटतो, मग दुसरा. वायरचेही तसेच. ती बारीक तारांची वळलेली असते. एकेक तार तुटत जाते आणि क्लच जड लागू लागतो. आमच्या भाच्याला पंधरा दिवस क्लच जड लागत होता. त्याने मनावर घेतले नाही. घाटात गिअर वारंवार बदलावा लागतो. तिथे शेवटची तार गेली.

कागदावरची मदत

भाच्याने गाडीचा विमा काढताना थोडे जास्त पैसे भरून 'रोडसाईड असिस्टन्स' घेतले होते. याचा साधा अर्थ, वाटेवरची मदत. आपण नंबरावर फोन करायचा. ते जवळचा मेस्त्री पाठवतात. किरकोळ काम असेल तर जागेवर करतात. नाहीतर गाडी उचलून जवळच्या दुकानात नेतात.

ही कल्पना जुनी आहे. विलायतेत १९०५ साली मोटारवाल्यांनी एक संघ काढला. त्या संघाची माणसे सायकलवरून रस्त्याने फिरत. पहिले त्यांचे काम काय होते, माहीत आहे? वेग मोजायला पोलीस कुठे दबा धरून बसलेत, ते मोटारवाल्यांना सांगणे! पुढे मदतीचे काम वाढले. रस्त्याच्या कडेला फोनच्या पेट्या आल्या. सभासदाजवळ पेटीची किल्ली असे. मुंबईतही १९१९ साली मोटारवाल्यांची अशी संस्था निघाली. तिचे नाव वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. आता विमा कंपन्या आणि गाडी बनवणारे कारखानेही ही सोय देतात.

पण इथे एक गैरसमज होतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी मोटारसायकल घेताना पाच वर्षांचा विमा एकदम भरावा लागतो. लोकांना वाटते, पाच वर्षे निश्चिंती झाली. तसे नाही. तो पाच वर्षांचा विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. तुमच्या गाडीने कोणाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. वाटेवरची मदत तर वेगळे पैसे भरले तरच असते.

म्हणून कागद काढून पाहा. कागद बहुधा इंग्रजीत असतो. एजंटाला समोर बसवा आणि विचारा, यात वाटेवरची मदत आहे काय? कोणत्या तारखेपर्यंत आहे? वर्षातून किती वेळा मिळते? गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट उचलून नेतात? पेट्रोल आणून दिले तर त्याचे पैसे कोण देणार? त्या ओळींखाली पेनाने रेघ मारा आणि शेजारी मराठीत लिहून ठेवा. फोननंबर आणि पॉलिसीनंबर मोबाईलमध्ये ठेवा, तसेच एका चिठ्ठीवरही लिहून ठेवा. मोबाईल भिजतो, त्याची बॅटरी उतरते.

फोंडा कोणता?

बंद पडलो तिथे फोनला रेंज नव्हती. भाचा चालत दोन वळणे वर गेला. तिथे दोन रेघा आल्या. त्याने नंबर लावला. पलीकडून एक बाई हिंदीत बोलल्या. फार सभ्यपणे बोलल्या. गाडीचा नंबर विचारला, तो सांगितला. पॉलिसीचा नंबर विचारला, तो सांगितला. मग त्यांनी विचारले, तुम्ही कुठे आहात?

भाचा म्हणाला, "फोंडा घाट में."

"ठीक आहे, तासाभरात माणूस येईल," असे त्यांनी सांगितले.

आम्ही खूश झालो. डोंगराच्या आडोशाला बसून भाकरी खाल्ली. तास गेला. आणखी थोडा वेळ गेला. सहाच्या सुमाराला भाचा पुन्हा वर जाऊन उभा राहिला, तोच फोन आला. एक ड्रायव्हर बोलत होता. "मी फोंड्याच्या स्टँडवर येऊन थांबलोय. तुम्ही दिसत नाही कुठे!"

तो गोव्याच्या फोंड्यात उभा होता! आमच्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब.

चूक कोणाची? बाईंना दूरच्या शहरात बसून आपले घाट कसे ठाऊक असणार? त्यांनी जिल्हा विचारायला हवा होता, हे खरे. पण भाच्याने सांगायलाही हवा होता. आपल्याला वाटते, आपले गाव सगळ्या जगाला माहीत आहे. तसे नसते. कुडाळ आपल्याकडे आहे, तसे सातारा जिल्ह्यातही आहे. आंबोली सावंतवाडीजवळ आहे, तशी मुंबईत अंधेरीलाही आहे. देवबाग मालवणला आहे आणि कारवारलाही आहे. म्हणून गावाच्या नावामागे तालुका, जिल्हा आणि राज्य जोडलेच पाहिजे.

आणि एवढ्यानेही भागत नाही. रस्ता लांब असतो. रस्त्यावर नेमके कुठे? ते सांगायला कडेचा दगड आहे.

किलोमीटरचा दगड आपण रोज पाहतो, पण वाचत नाही. त्याच्या माथ्याचा रंग पाहा. पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता. खेड्यांना जोडणाऱ्या योजनेच्या रस्त्यावर माथा नारिंगी असतो. खाली गावाचे नाव आणि अंतर असते. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये छोटे दगड असतात. त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. ते दर २०० मीटरला एक याप्रमाणे. मागच्या मोठ्या दगडाचा आकडा आणि या छोट्या दगडाचा आकडा मिळून सांगितले, की येणारा माणूस थेट तुमच्यापुढे येऊन उभा राहतो.

रस्त्याचा नंबर सांगताना जुना सांगू नये. मुंबई-गोवा महामार्गाला आपल्याकडची जुनी माणसे अजून '१७ नंबर' म्हणतात. त्याचा नंबर आता ६६ आहे. १७ नंबरचा महामार्ग आता बंगाल-आसामकडे आहे. फोंड्याने आम्हाला गोव्यात नेले, या १७ ने आसामला नेले असते!

दगड सापडला नाही तर मागे कोणते गाव गेले आणि पुढे कोणते येणार, ते सांगा. शाळेची पाटी, एस.टी.चा थांबा, दुकानाची पाटी वाचा. पाटीवर पिनकोड असला तर तोही सांगा. पिनकोड दोन गावांचा घोळ मिटवतो. मालवणचा ४१६६०६ हा आकडा कारवारच्या देवबागला कधी लागणार नाही. रेंज चांगली असेल तर मोबाईलवरून जागेचा नकाशाही पाठवता येतो. घाटात मात्र त्याचा भरवसा धरू नये.

एक चिठ्ठी

आता परत फोन करून नवा माणूस बोलावायचा म्हणजे आणखी दोन तास. तितक्यात वरून एस.टी. आली. कोल्हापूरकडून कणकवलीला चालली होती. आम्ही हात केला. ड्रायव्हरने थांबवली. कंडक्टरने खिडकीतून डोके काढून विचारले, "काय झाला? खंय जातास?"

आम्ही सांगितले. ते म्हणाले, "हय रात्री रवू नकात. गवे येतत." दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले गवे संध्याकाळी रस्त्यावर उतरतात.

आमच्या मनात आले, कंडक्टर फोंडाघाटला उतरून मेस्त्रीला निरोप देतील. पण तोंडी निरोप तीन तोंडांतून गेला की त्याचे काय होते, हे आपल्याला माहीत आहे. आम्ही पिशवीतून वही काढली, पान फाडले आणि लिहिले. गाडी कोणत्या कंपनीची, कोणते मॉडेल, कोणत्या साली घेतलेली. बिघाड काय, तर क्लचची वायर वरच्या टोकाला तुटली आहे. जागा कोणती, तर फोंडाघाट गावाकडून येताना अमुक आकड्याच्या दगडापुढे, डोंगराच्या अंगाला. माणसे दोन. सोबत बॅटरी म्हणजे हातदिवा नाही, तो आणावा. खाली भाच्याचे नाव.

कंडक्टरनी चिठ्ठी वाचली, तिकिटाच्या पाकिटात ठेवली आणि घंटी दिली. बस गेली.

आम्ही वाट पाहात बसलो. तोवर मदतीच्या बाकीच्या वाटा सांगून टाकतो.

अपघात झाला, कोणी त्रास देऊ लागला किंवा बाईमाणूस रात्री एकटे अडकले, तर ११२ नंबर लावावा. पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी हा एकच नंबर आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तरी तो लागू शकतो. म्हणून एकदा लावून पाहावाच. फक्त रुग्णवाहिका हवी असेल तर आपल्या राज्यात १०८ आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे. ११२ आणि १०८ हे नंबर गाडीच्या दुरुस्तीसाठी नाहीत, हे ध्यानात ठेवा. वायर तुटली म्हणून ११२ लावाल, तर दुसऱ्या कोणाचा जीव टांगणीला लागेल.

गाडी जागेवर दुरुस्त होण्यासारखी नसेल तर टेम्पो पाहावा. भाडे आधी ठरवावे. कुठपर्यंत, किती, आणि चढवायला-उतरवायला माणसे कोणाची, हे बोलून घ्यावे. टेम्पोत गाडी उभी करून दोन्ही बाजूंनी दोराने आवळावी. दुसऱ्या मोटारसायकलवाल्याने पाय लावून ढकलत नेण्याची रीत आहे. सपाट रस्त्यावर लोक करतात. आम्हाला ती पसंत नाही. घाटात तर ती मुळीच करू नये.

गणपतीला मुंबईहून पुष्कळ मुले मोटारसायकलवरून गावी येतात. मोठे काम निघाले तर तिथल्या मेस्त्रीकडे गाडी किती दिवस ठेवणार? रेल्वेच्या पार्सल कचेरीतून मोटारसायकल पाठवता येते. तिथे गाडीचे नोंदणीचे पुस्तक किंवा कार्ड आणि स्वतःचे ओळखपत्र लागते. टाकीतले पेट्रोल सगळे काढावे लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. पावती मिळते, ती जपून ठेवावी. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याला ही सोय झाली. मात्र सगळ्या स्टेशनांवर पार्सल उतरत नाही. आधी चौकशी करावी.

अंधार पडला होता. साडेसातच्या सुमाराला खालून एक दिवा वर येताना दिसला. मोटारसायकलवर एक मेस्त्री आणि मागे एक पोर होता. ते आमच्यापुढे थांबले, दगडाकडे पाहिले आणि हसले. त्यांच्या हातात आमची चिठ्ठी होती आणि खांद्याला नवी वायर अडकवलेली होती. मॉडेल लिहिले होते म्हणून बरोबर तीच वायर आणली होती. नाहीतर एकदा पाहायला यायचे आणि पुन्हा वायर आणायला खाली जायचे.

पोराने हातदिवा धरला. वीस मिनिटांत काम झाले. मेस्त्रींनी जुनी वायर भाच्याच्या हातात दिली आणि तुटलेल्या तारा दाखवल्या. काही ताज्या चकचकीत होत्या, बाकीच्या गंजलेल्या. गंजलेल्या आधीच कधीतरी तुटल्या होत्या.

पैसे किती, विचारले. त्यांनी आमच्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिले. वायर १८०, मजुरी १००, येणे-जाणे २००. रात्रीची वेळ, पाऊस, घाट. आम्हाला ते जास्त वाटले नाहीत. आम्ही पाचशे दिले. त्यांनी वीस परत केले.

डहाळी उचलून बाजूला टाकली आणि निघालो. दाजीपूरच्या पुढे खरेच एक गवा रस्त्यात उभा होता. भाच्याने दिवा मंद केला, गाडी लांब थांबवली. हॉर्न वाजवला नाही. तो आपल्या मनाने जंगलात उतरला, तेव्हा आम्ही पुढे गेलो. राधानगरी गेली. कोल्हापूरला दवाखान्याच्या दारात पोचलो, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बहीण जागीच होती. कागद कोरडे होते.

भाच्याच्या गाडीच्या सीटखाली आता क्लचची एक जादा वायर असते. ती चिठ्ठीही तिथेच घडी करून ठेवलेली आहे.